तारीख, वार, वेळ आणि इंग्रजीतील 'ॲट', 'ऑन', 'इन': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांचा संध्याकाळचा वर्ग मी घेतो आणि अधूनमधून ओळखीच्या लोकांची पत्रे, सूचना व अर्जही तपासून देतो. खालचे प्रश्न या दोन्ही ठिकाणी इतक्या वेळा आले आहेत की ते एकदाचे लिहून ठेवावेत असे वाटले. माझा अनुभव असा की, हाताशी असलेले मराठी वाक्य नीट वाचले तर इंग्रजीतला निम्मा निर्णय तिथेच होतो. घोटाळा होतो तो प्रत्ययाकडे पाहून थेट इंग्रजी शब्द उचलल्यामुळे.

मराठीत 'ला' लावला की काम भागते. इंग्रजीत 'ॲट', 'ऑन' आणि 'इन' असे तीन शब्द कशाला?

खरे तर मराठीतही एकट्या 'ला'वर भागत नाही. आपण 'पाच वाजता', 'सोमवारी', 'दहा तारखेला' आणि 'मे महिन्यात' असे म्हणतो, म्हणजे चार ठिकाणी चार निरनिराळी रूपे वापरतो. ती लहानपणापासून कानावर पडलेली असल्यामुळे त्यांत काही नियम आहे असे आपल्याला जाणवत नाही, इतकेच. इंग्रजीची विभागणी काळाचा तुकडा केवढा आहे यावर चालते. घड्याळातल्या नेमक्या वेळेला 'ॲट', एखाद्या वाराला किंवा तारखेला 'ऑन', आणि महिना, ऋतू, वर्ष, दशक, शतक अशा दिवसाहून मोठ्या तुकड्यांना 'इन' लागतो.

एकाच वाक्यात सगळे पाहायचे असेल तर भारतातल्या पहिल्या प्रवासी आगगाडीचे उदाहरण घ्यावे. ती १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. इंग्रजीत हेच 'ॲट ३.३५ इन दि आफ्टरनून ऑन १६ एप्रिल १८५३' असे होते. यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे क्रम उलटतो: मराठी तारखेकडून घड्याळाकडे उतरते, तर इंग्रजी घड्याळाकडून तारखेकडे चढते. दुसरी म्हणजे वर्ष तारखेला जोडून आले की त्याला स्वतःचे 'इन' मिळत नाही. 'इन १८५३' हे वर्ष एकटे असेल तेव्हाचे, 'इन एप्रिल १८५३' हे महिन्यासकट, आणि तारीख आली की सगळ्यांवर मिळून एकच 'ऑन'.

'ऑन' कुठे येणार, हे ओळखण्याची काही खूण आहे का?

आहे, आणि ती आपल्या कचेरीच्या मराठीतच आहे. जिथे 'रोजी' शोभतो तिथे इंग्रजीत 'ऑन' लागतो. 'दिनांक १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली' या वाक्यात 'रोजी' आहे, म्हणून 'ऑन १ मे १९६०'. 'मे १९६० रोजी' असे मात्र कोणी लिहीत नाही, 'मे १९६० मध्ये' असेच लिहितात, म्हणून तिथे 'इन'. वारांना आपण 'रोजी' सहसा लावत नाही. पण वार म्हणजे एक दिवसच असल्यामुळे त्यालाही 'ऑन'च मिळतो.

या खुणेला एक अपवाद आहे आणि तो शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेला असतो. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'आज दिनांक सव्वीस नोव्हेंबर, १९४९ रोजी' असे शब्द आहेत. इंग्रजी उद्देशिकेत मात्र त्या जागी 'धिस ट्वेंटी-सिक्स्थ डे ऑफ नोव्हेंबर' असे आहे आणि त्याच्या आधी 'ऑन' नाही. कारण 'धिस' आला की 'ऑन' गळतो. पत्राच्या संदर्भातही 'ऑन' येत नाही. 'आपले दिनांक ५ जूनचे पत्र' म्हणजे 'युअर लेटर डेटेड ५ जून'. 'डेटेड ऑन' ही आपल्याकडची अनावश्यक भर आहे.

मग 'पुढच्या सोमवारी' याचे 'ऑन नेक्स्ट मंडे' असे करायचे का?

करू नये. 'धिस', 'नेक्स्ट', 'लास्ट' आणि 'एव्हरी' यांच्यामागून आलेल्या दिवस, आठवडा, महिना, वर्ष या शब्दांना काहीही लागत नाही. 'टुडे', 'टुमॉरो' आणि 'यस्टरडे' यांनाही नाही. मराठीत 'पुढच्या सोमवारी' आणि 'गेल्या महिन्यात' या शब्दांना प्रत्यय असल्यामुळे इंग्रजीतही काहीतरी हवेच असे वाटते आणि 'इन लास्ट मंथ' असे लिहिले जाते. 'आज', 'उद्या', 'काल' यांना मराठीतही प्रत्यय लागत नाही, म्हणून तिथे कोणाची चूक होत नाही, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

सकाळी 'इन', रात्री 'ॲट' आणि सोमवारी सकाळी 'ऑन'; याला काही कारण आहे, की नुसते पाठच करायचे?

थोडे कारण आहे आणि थोडे पाठ करायचे आहे. 'इन द मॉर्निंग', 'इन दि आफ्टरनून' आणि 'इन दि इव्हनिंग' यांत तो प्रहर काही तासांचा पट्टा म्हणून धरला जातो आणि आपण त्याच्या आत असतो. 'ॲट नाइट' मात्र रूढीने तसा झाला आहे. त्यात 'द'सुद्धा येत नाही. पण झोप तीनदा मोडली असे सांगायचे असेल तर 'इन द नाइट' म्हणतात. मराठीतही 'मी रात्री वाचतो' आणि 'मी रात्रीत तीनदा उठलो' यांत हाच फरक आहे.

प्रहर एखाद्या ठरावीक दिवसाला बांधला गेला की सत्ता दिवसाकडे जाते आणि 'ऑन' येतो: 'ऑन मंडे मॉर्निंग', 'ऑन द मॉर्निंग ऑफ १५ ऑगस्ट', 'ऑन अ रेनी इव्हनिंग'. शेवटच्या उदाहरणात तारीख नाही, पण 'पावसाची एक संध्याकाळ' म्हटल्याबरोबर ती इतर संध्याकाळींपासून वेगळी काढली गेली, तेवढे पुरते.

'पर्यंत' साठी 'बाय' वापरायचा की 'अंटिल'?

माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण 'इन' आणि 'ऑन' यांची अदलाबदल झाली तर वाचणारा नुसता हसतो, पण इथे चूक झाली तर अर्थच फिरतो.

आमच्या सोसायटीत टाकी धुण्याच्या दिवशी फलकावर एक सूचना लागली होती. मराठीत 'सायंकाळी ५ वाजेपर्यंत पाणीपुरवठा बंद राहील' असे अगदी स्वच्छ लिहिलेले होते. खाली, मराठी न समजणाऱ्या भाडेकरूंसाठी, त्याचेच इंग्रजी होते आणि त्यात पाणी 'बाय ५ पीएम' बंद होईल असे म्हटले होते. त्या इंग्रजीचा अर्थ असा होतो की पाणी जायचे आहे ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तोवर चिंता नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरूंनी तो तसाच घेतला, बादली भरून ठेवली नाही, आणि सकाळी सव्वानऊला अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत त्यांचा नळ कोरडा पडला. पुढचा संवाद इथे देण्याजोगा नाही. तिथे 'अंटिल ५ पीएम' हवे होते.

फरक असा आहे. एखादी गोष्ट त्या वेळेच्या आधी केव्हातरी एकदा उरकायची असेल तर 'बाय', आणि एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर 'अंटिल'. मराठीत हा फरक 'पर्यंत' दाखवत नाही, क्रियापद दाखवते: 'पाचपर्यंत या' आणि 'पाचपर्यंत थांबा'. ओळखायचे कसे, तर 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून पाहावे. 'पाचच्या आत या' हे वाक्य चालते, म्हणून तिथे 'बाय'. 'पाचच्या आत थांबा' हे कानाला लगेच खटकते, म्हणून तिथे 'अंटिल'. 'देखभाल खर्च १० तारखेपर्यंत भरावा' हे 'दहा तारखेच्या आत भरावा' असे म्हणता येते, म्हणून 'बाय द १०थ'. 'पे अंटिल द १०थ' असे लिहिले तर दहा तारखेपर्यंत रोज भरत राहावे आणि मग थांबावे असा अर्थ निघतो, आणि कोणत्याही खजिनदाराला तो चालेल, पण सभासदांना नाही.

नकारार्थी वाक्यात जपून असावे. 'दहापर्यंत कचेरी उघडत नाही' याचे 'अंटिल' घालून केलेले वाक्य दहा वाजता ती उघडते असे सुचवते. 'डिसेंबरपर्यंत काम होणार नाही' यात 'बाय' घातला तर डिसेंबर उजाडेल तेव्हाही काम अपुरेच असेल इतकेच कळते, पुढचा कोणताही शब्द दिला जात नाही. कंत्राटदार दुसरा प्रकार पसंत करतात.

'तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो' याचे इंग्रजी करताना 'नॉट' का घालत नाहीत?

कारण 'अंटिल'च्या पोटातच तो नकार आहे. मराठीत 'येत नाहीस तोपर्यंत' आणि 'येईपर्यंत' असे दोन्ही म्हणता येते आणि अर्थ एकच राहतो. इंग्रजीला फक्त दुसरा साचा माहीत आहे: 'आय विल वेट अंटिल यू कम'. 'अंटिल यू डोन्ट कम' हे मराठी वाक्याचे सरळ उतरवलेले रूप आहे आणि ते इंग्रजीत उलटे पडते. वर्गात मी यावर एकच उपाय सांगतो: आधी मराठी वाक्यच बदलून 'येईपर्यंत' करावे, मग भाषांतर करावे.

अंतिम तारीख सांगताना 'बाय', 'बिफोर' आणि 'ऑन ऑर बिफोर' यांत काय फरक आहे?

एका दिवसाचा, आणि तो एक दिवस कधीकधी महागात पडतो. 'बिफोर ३१ जुलै' म्हटले की शेवटचा दिवस ३० जुलै ठरतो. 'बाय ३१ जुलै' आणि 'ऑन ऑर बिफोर ३१ जुलै' या दोहोंत ३१ जुलै धरलेला असतो. दुसरा प्रकार शंकेला जागाच ठेवत नाही, म्हणून सरकारी आणि कायदेशीर मजकुरात तो अधिक दिसतो. त्याला मराठीत 'रोजी किंवा त्यापूर्वी' असे नेमके प्रतिरूप आहे.

रजेच्या बाबतीत 'अंटिल' स्वतःच संदिग्ध आहे. मी पूर्वी जिथे नोकरी करत होतो तिथे एका सहकाऱ्याने 'ऑन लीव्ह अंटिल मंडे' असा निरोप ठेवला. साहेबांनी सोमवारी सकाळी बैठक लावली आणि हे गृहस्थ सोमवारी संध्याकाळी गावाहून निघाले. दोघांचेही इंग्रजी बरोबर होते. अशा ठिकाणी 'अप टू अँड इन्क्लुडिंग मंडे' असे लिहावे, किंवा त्याहून सोपे म्हणजे कामावर कोणत्या दिवशी परत येणार तेच सांगावे. जाता जाता, 'अप टू' हे दोन शब्द आहेत. ते जोडून लिहिण्याची आपल्याकडची सवय सोडावी.

'सिन्स टू इयर्स' चुकीचे का? मराठीत तर 'दोन वर्षांपासून' असेच म्हणतात.

मराठीतला 'पासून' दोन कामे करतो. '२०१५ पासून' यात तो सुरुवातीचा टप्पा सांगतो आणि 'दोन वर्षांपासून' यात तो लांबी सांगतो. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत: टप्प्याला 'सिन्स', लांबीला 'फॉर'. इथली मराठी कसोटी 'गेली' या शब्दाची आहे. 'गेली दोन वर्षे' असे म्हणता येते, म्हणून 'फॉर टू इयर्स'. 'गेली २०१५' असे म्हणता येत नाही, म्हणून 'सिन्स २०१५'. 'गेल्या सोमवारपासून' यातला 'गेल्या' फक्त वाराचे विशेषण आहे, त्याने फसू नये. तिथे 'सिन्स लास्ट मंडे' हेच बरोबर आहे.

याला लागूनच क्रियापदाचा प्रश्न येतो आणि तो शब्दयोगी अव्ययाइतकाच अडचणीचा आहे. 'मी २०१५ पासून पुण्यात राहतो' हे मराठीत सरळ वर्तमानकाळात चालते. इंग्रजीत 'आय लिव्ह इन पुणे सिन्स २०१५' असे म्हणता येत नाही. 'आय हॅव लिव्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' असे म्हणावे लागते. 'फ्रॉम' मात्र पुढे संपणाऱ्या पट्ट्याला किंवा भविष्यातल्या सुरुवातीला वापरतात: 'फ्रॉम २०१५ टू २०१९', 'फ्रॉम टुमॉरो'. उद्यापासूनच्या व्यायामाला 'सिन्स टुमॉरो' असे म्हणता येत नाही, कारण 'सिन्स' मागेच पाहतो.

'दोन दिवसांपूर्वी' म्हणजे 'बिफोर टू डेज' का नाही?

आजपासून मागे मोजायचे असेल तर इंग्रजीला 'अगो' लागतो: 'टू डेज अगो'. हा शब्द नामाच्या नंतर येतो, म्हणजे आपल्या 'पूर्वी'सारखाच वागतो. 'इन', 'ऑन', 'ॲट' सगळे पुढे उभे असताना 'अगो' मागे उभा राहतो, याचे मराठी माणसाला खरे तर बरे वाटायला हवे. पण आधीच्या सगळ्या शब्दांनी पुढे येण्याची सवय लावलेली असल्यामुळे आपण इथेही 'बिफोर' पुढे आणतो.

आजपासून नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचे असेल तर 'बिफोर' योग्य आहे, आणि तोही मोजमापाच्या नंतर येतो: 'परीक्षेच्या दोन दिवस आधी' म्हणजे 'टू डेज बिफोर दि एक्झाम'.

'दोन दिवसांनी', 'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांच्या आत' यांचे इंग्रजी काय?

'दोन दिवसांनी येतो' याचे 'आय विल कम इन टू डेज' असे होते. हे अनेकांना पटत नाही, कारण 'इन' म्हणजे 'आत' असे शाळेत पाठ केलेले असते. पण भविष्याबद्दल बोलताना 'इन टू डेज' म्हणजे आजपासून दोन दिवस उलटल्यावर. भूतकाळात गोष्ट सांगताना 'दोन दिवसांनी तो परत आला' याचे 'टू डेज लेटर' होते. 'भिंत दोन दिवसांत रंगवून झाली' यातला 'इन टू डेज' मात्र काम किती दिवस चालले ते सांगतो. एकाच इंग्रजी तुकड्याचे हे दोन अर्थ क्रियापदावरून वेगळे पडतात.

मर्यादा सांगायची असेल तर 'विदिन'. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत उत्तर देण्याची तरतूद आहे, तिथे 'विदिन थर्टी डेज' असेच शब्द आहेत; माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर हीच मुदत 'विदिन फॉर्टी-एट अवर्स' अशी आहे. तिथे 'आफ्टर थर्टी डेज' लिहिले तर अर्थ नेमका उलटा होईल.

अशा मुदतीत पहिला दिवस धरायचा की नाही, असेही पुष्कळ जण विचारतात. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या नवव्या कलमानुसार केंद्रीय कायद्यांत 'फ्रॉम' हा शब्द वापरला की मोजणीतला पहिला दिवस वगळला जातो आणि 'टू' वापरला की शेवटचा दिवस धरला जातो. एवढ्याशा शब्दांसाठी कायद्याला कलम लिहावे लागले, यावरून त्यांचे वजन कळावे.

'बिटवीन १० टू ५' असे फलक सर्रास दिसतात. ते चालते का?

चालत नाही. 'बिटवीन'ची जोडी 'अँड'शी आणि 'फ्रॉम'ची जोडी 'टू'शी. मराठीत 'दहा ते पाच' आणि 'दहा ते पाचच्या दरम्यान' हे एकमेकांत मिसळतात, त्यातून हा संकर झाला आहे. कचेरी सलग उघडी असते तेव्हा 'फ्रॉम १० टू ५'. त्या वेळात केव्हाही एकदा यावे असे सांगायचे तेव्हा 'बिटवीन १० अँड ५'.

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांत फरक आहे का?

आहे, आणि या एका ठिकाणी मराठी आणि इंग्रजी जणू ठरवून एकत्र चालतात. 'वेळेवर' म्हणजे 'ऑन टाइम' आणि 'वेळेत' म्हणजे 'इन टाइम'. 'वर' आणि 'ऑन', 'त' आणि 'इन', अगदी शब्दाला शब्द. लोकल वेळेवर येते, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे. डॉक्टर वेळेत पोचतात, म्हणजे उशीर होऊन अनर्थ घडण्याआधी.

'शेवटी' या शब्दाने मात्र असा हात दिलेला नाही. 'महिन्याच्या शेवटी' हे 'ॲट दि एंड ऑफ द मंथ', 'महिना संपायच्या आत' हे 'बाय दि एंड', आणि 'शेवटी तो आलाच' यातले 'शेवटी' म्हणजे 'इन दि एंड'.

'दोन तासभर' यासाठी 'ड्युरिंग टू अवर्स' म्हणावे का?

नाही. लांबीला 'फॉर', आणि नाव असलेल्या प्रसंगाला 'ड्युरिंग': 'फॉर टू अवर्स', पण 'ड्युरिंग द मीटिंग'. किती वेळ या प्रश्नाचे उत्तर 'फॉर', आणि कशाच्या वेळी या प्रश्नाचे उत्तर 'ड्युरिंग'.

दिवाळीला 'ॲट' लागतो, 'ऑन' लागतो की 'ड्युरिंग'?

सण एका दिवसाचा आहे की अनेक दिवसांचा, हे आधी पाहावे. गुढीपाडवा एक दिवसाचा, म्हणून 'ऑन गुढीपाडवा'. दिवाळी अनेक दिवसांची, म्हणून 'दिवाळीत' याला 'ड्युरिंग दिवाली' निर्धोक आहे. ब्रिटिश पद्धतीत सणाच्या एकूण काळाला 'ॲट' लावतात, जसे 'ॲट क्रिसमस', आणि प्रत्यक्ष २५ डिसेंबरला 'ऑन क्रिसमस डे'. त्याच धर्तीवर 'ॲट दिवाली' हेही बरोबर आहे. लक्ष्मीपूजनाचा दिवस सांगायचा असेल तर पुन्हा 'ऑन'. गणेशोत्सवाला हाच न्याय लावावा: चतुर्थीला 'ऑन', उत्सवाला 'ड्युरिंग'.

सव्वा, साडे आणि पावणे इंग्रजीत कसे सांगावेत?

'सव्वापाच' म्हणजे 'क्वार्टर पास्ट फाइव्ह', 'साडेपाच' म्हणजे 'हाफ पास्ट फाइव्ह' आणि 'पावणेसहा' म्हणजे 'क्वार्टर टू सिक्स'. पावणेसहात आपण येणाऱ्या तासाचे नाव घेतो आणि इंग्रजीही तेच करते, त्यामुळे हे मराठी माणसाला जड जाऊ नये. 'दीड' आणि 'अडीच' ही आपली लाडकी खास रूपे मात्र तिथे नाहीत, साधे 'हाफ पास्ट वन' आणि 'हाफ पास्ट टू' म्हणावे लागते. 'ओ'क्लॉक' फक्त पूर्ण तासाला लावतात, साडेपाचला नाही. 'पाचच्या सुमारास' म्हणजे 'ॲट अराउंड फाइव्ह' किंवा नुसते 'अराउंड फाइव्ह'.

ब्रिटनमध्ये बोलताना 'हाफ फाइव्ह' असेही म्हणतात आणि त्याचा अर्थ साडेपाच असतो. जर्मन भाषेत तशाच दिसणाऱ्या शब्दांचा अर्थ साडेचार होतो, त्यामुळे जर्मन सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांनी आकड्यांतच वेळ लिहावी.

रात्री १२ नंतरची वेळ सांगताना तारीख कोणती लिहावी?

पुढची. मध्यरात्र उलटली की इंग्रजी तारीख बदलते, पण आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाचीच राहते. माझ्या एका नातलगांच्या तिकिटावर १५ तारीख आणि ००.१० ही वेळ होती. ते १५ तारखेला रात्री जेवून, डबा बांधून, साडेअकराला फलाटावर पोचले. गाडी आदल्या रात्रीच गेली होती. मित्रांना कळवताना 'ऑन द नाइट ऑफ द १४थ, ॲट टेन पास्ट मिडनाइट' असे लिहावे, म्हणजे गैरसमज होत नाही. '१२ एएम' आणि '१२ पीएम' हे तर टाळावेतच. 'मिडनाइट' आणि 'नून' हे शब्द त्यासाठीच आहेत आणि दोघांनाही 'ॲट' लागतो. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत पंडित नेहरूंनी केलेल्या भाषणातले 'ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर' हे शब्द पाठ असतील तर हा 'ॲट' कधी विसरणार नाही.

'पुढे ढकलली' यासाठी 'पोस्टपोन्ड टू' की 'पोस्टपोन्ड बाय'?

नवी तारीख सांगायची तर 'टू' किंवा 'अंटिल'. किती दिवसांनी ढकलली ते सांगायचे तर 'बाय': 'पोस्टपोन्ड बाय टू डेज'. अलीकडे ओढण्यासाठी आपण 'प्रीपोन' म्हणतो. तो भारतीय इंग्रजीचा शब्द आहे आणि देशात वापरायला माझी हरकत नाही. परदेशी पत्रव्यवहारात 'ब्रॉट फॉरवर्ड टू' लिहावे.

ताळेबंदावर 'ॲज ॲट ३१ मार्च' असे का लिहितात? तारखेला तर 'ऑन' हवा ना?

ताळेबंद म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र असते, म्हणून तिथे क्षणाचा 'ॲट' येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेल्या नमुन्यातही 'ॲज ॲट' हेच शब्द आहेत, आणि नफा-तोट्याच्या पत्रकावर, ते वर्षभराचे असल्यामुळे, 'फॉर दि इयर एंडेड' असे आहे. 'ॲज ऑन' हे आपल्याकडे रुळलेले रूप आहे, पण हिशेबाच्या कागदावर ते टाळलेले बरे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचे इंग्रजी यापेक्षा वेगळे का वाटते?

काही बाबतींत ते वेगळे आहेच. ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. अमेरिकन बातम्यांत वाराआधीचा 'ऑन' पुष्कळदा गाळला जातो. पावणेसहाला तिकडे 'क्वार्टर ऑफ सिक्स' असेही म्हणतात. 'मंडे थ्रू फ्रायडे' हा तिकडचा प्रयोग मला विशेष उपयोगी वाटतो, कारण त्यात शुक्रवार धरला आहे की नाही ही शंकाच उरत नाही.

खरा धोका तारखेच्या आकड्यांत आहे. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून आणि त्यांच्यासाठी ६ मे. न्यू जर्सीतल्या भाचीच्या बारशाची तारीख आकड्यांत आली तर विमानाचे तिकीट काढण्याआधी महिना अक्षरांत लिहून मागवावा.